सिंकोनाचे झाड आणि मातीतला जिवाणू



या व्यासपीठावरून विद्वानांची आणि संशोधकांची व्याख्याने आपण दरवर्षी ऐकता. मी कामगार-चळवळीतला माणूस. माझे शिक्षण बरेचसे सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि उरलेले सरकारी दवाखान्यांच्या रांगांत झाले. आजारी कामगाराबरोबर रांगेत उभे राहिले की माणसाला एक प्रश्न हमखास पडतो : हे औषध आले कुठून, आणि ते याच्यापर्यंत पोचायला इतका उशीर का झाला? या प्रश्नाचा पाठपुरावा करता करता मी दोन जिवांपाशी येऊन ठेपलो. एक आहे झाड, दुसरा आहे जिवाणू. त्या दोघांचा इतिहास शेजारी शेजारी ठेवून पाहावा, एवढाच आजच्या भाषणाचा हेतू आहे.

झाडाचे नाव सिंकोना. दक्षिण अमेरिकेत अँडीज नावाची जी प्रचंड पर्वतराजी आहे, तिच्या पूर्व उतारावरच्या दमट, धुक्याच्या जंगलांत, म्हणजे आजच्या पेरू, बोलिव्हिया, एक्वादोर आणि कोलंबिया या देशांत, हे झाड मूळचे आढळते. आपल्याकडच्या कॉफीचे ते दूरचे भाईबंद आहे. त्याच्या सालीत एक कडू द्रव्य असते. किड्यामुंग्यांपासून आपले रक्षण व्हावे म्हणून झाड हा कडूपणा साठवत असावे, असे शास्त्रज्ञ मानतात. त्या कडू द्रव्याला आपण क्विनाईन म्हणतो. आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी त्याचे नाव होते कोयनेल. हिवतापाच्या माणसाला कोयनेल द्यायचे, ही गोष्ट एके काळी आपल्या खेड्यापाड्यांतील म्हाताऱ्यांनाही ठाऊक होती.

जिवाणूचे नाव स्ट्रेप्टोमायसिस. त्याची ओळख आपल्याला जन्मापासून आहे, फक्त नावाने नाही. रोहिणीचा पहिला पाऊस तापलेल्या जमिनीवर पडतो आणि मातीचा जो वास सुटतो, त्या वासातला मोठा वाटा या जिवाणूच्या कुळाचा असतो. तो मातीत राहतो. तळ्यांच्या आणि नद्यांच्या गाळातही राहतो. धरणाच्या पाण्याला कधी कधी मातकट चव येते, तीही बहुधा याच्याच किंवा पाण्यातल्या दुसऱ्या काही सूक्ष्म जिवांच्या करणीने. तो बुरशीसारखे धागे पसरत वाढतो, म्हणून त्याला पूर्वी पुष्कळ जण बुरशीच समजत. मेलेली पाने, मुळ्या, काड्या कुजवून त्यांची पुन्हा माती करणे हा त्याचा धंदा. आणि या धंद्यात हजारो इतर जंतूंच्या गर्दीत टिकून राहायचे, म्हणून तो काही द्रव्ये तयार करतो. त्याच्या एका जातीच्या अशाच एका द्रव्याने क्षयाच्या जंतूला प्रथम नमवले. त्या द्रव्याचे नाव स्ट्रेप्टोमायसिन.

आता या दोघांची तुलना करू. झाड डोळ्यांना दिसते, जिवाणू दिसत नाही. झाडाची साल काढण्याजोगी व्हायला काही वर्षे वाट पाहावी लागते, जिवाणू काचेच्या चंबूत काही दिवसांत तयार होतो. झाडाला डोंगर हवा, ठरावीक पाऊस हवा, थंडी हवी पण हिम नको. जिवाणूला योग्य खाद्य, हवा आणि ऊब दिली की तो पुण्यातही वाढतो आणि न्यू जर्सीतही. एवढे सगळे वेगळे असूनही दोघांचे काम एकच : स्वतःच्या बचावासाठी बनवलेली वस्तू माणसाच्या बचावाला आली. आणखी एक साम्य आहे. क्विनाईन जास्त झाले की कानांत घंटा वाजू लागतात, आणि स्ट्रेप्टोमायसिनने काहींचा तोल जातो, काहींना कायमचे बहिरेपण येते. दोन्ही औषधे माणसाच्या कानांपाशी आपली किंमत वसूल करतात.

पण माझ्यासारख्याच्या दृष्टीने महत्त्वाचा फरक वेगळाच आहे. झाडाला कुंपण घालता येते. जमीन ताब्यात घेतली, बी दडवले, वाटेवर पहारा बसवला, की झाड आपले झाले. जिवाणूला कुंपण घालता येत नाही. तो ज्याच्या त्याच्या परसात आहे. म्हणून त्याच्यासाठी कागदाचे कुंपण काढावे लागले, आणि त्याला पेटंट असे नाव मिळाले. या दोन कुंपणांची कथा म्हणजेच या दोन औषधांचा इतिहास.

पहिल्यांदा झाडाचे पाहू. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात ही साल पेरूहून युरोपात गेली. नेणारे होते जेझुइट पंथाचे पाद्री, म्हणून तिला ‘जेझुइटांची साल’ असेच नाव पडले. पुढे अशी एक कथा रूढ झाली की, पेरूच्या व्हाइसरॉयची पत्नी, चिंचोनची काउंटेस, या सालीने बरी झाली आणि तिनेच ती युरोपला दिली. या कथेवर विसंबून लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७४२ मध्ये झाडाला त्या बाईंचे नाव दिले, तेही एक अक्षर गाळून. पुढे १९४१ मध्ये जुने कागद तपासले गेले तेव्हा काउंटेसची ही कथा टिकली नाही. म्हणजे ज्या बाईचा औषधाशी संबंध सिद्ध होत नाही, तिचे नाव झाडाला कायमचे लागले. आणि ज्या डोंगरी माणसांनी साल सोलून खांद्यावरून खाली आणली, त्यांच्यापैकी एकाचेही नाव त्या वेळी कोणी टिपून ठेवले नाही.

१८२० मध्ये पॅरिसमध्ये पेलतिए आणि काव्हाँतू या दोन औषधशास्त्रज्ञांनी सालीतून क्विनाईन वेगळे काढले. तोपर्यंत साल कुटून तिचे चूर्ण घ्यावे लागे आणि कोणत्या सालीत किती गुण आहे याचा पत्ता लागत नसे. आता मोजून मात्रा देणे शक्य झाले. मागणी वाढली. आफ्रिकेत आणि आशियात राज्ये थाटणाऱ्या युरोपीय सत्तांना आपले सैनिक आणि अंमलदार जगवायचे होते, म्हणून क्विनाईन ही दारूगोळ्याइतकीच राज्य-उपयोगी वस्तू ठरली. अँडीजमधल्या नव्या प्रजासत्ताकांनाही या झाडाची किंमत कळत होती. बी आणि रोपे देशाबाहेर जाऊ नयेत म्हणून त्यांनी बंदी घालण्याचे प्रयत्न केले. हे पहिले कुंपण.

ते ओलांडण्यासाठी दोन साम्राज्यांत शर्यत लागली. डच लोकांनी १८५४ मध्ये जावा बेटावर रोपे पोचवली. इंग्रजांच्या वतीने क्लेमेंट्स मार्कहॅम १८६० मध्ये पेरूत गेला, आणि त्याच मोहिमेत रिचर्ड स्प्रूस या वनस्पतिशास्त्रज्ञाने एक्वादोरच्या जंगलांतून तांबड्या सालीच्या जातीचे बी आणि रोपे मिळवली. १८६१ पासून आपल्या निलगिरीत, उटकमंडजवळ, सिंकोनाच्या बागा उभ्या राहू लागल्या. पुढे दार्जिलिंगच्या डोंगरात मुंगपू येथेही लागवड झाली. निलगिरीत नडुवट्टमच्या बागेत मजूर म्हणून राबले ते तुरुंगातले कैदी, आणि त्यांत मलाया-सिंगापूरकडच्या वसाहतींतून मद्रासच्या तुरुंगांत धाडलेले चिनी कैदीही होते. मुंगपूच्या बागेत राबली ती नेपाळी मजुरांची कुटुंबे. आपल्या देशातल्या हिवतापाच्या औषधाची पहिली रोपे अशा हातांनी लावली, हे आपल्याला शाळेत कोणी शिकवले नाही.

परंतु या शर्यतीत खरा निर्णय लावला तो एका गरीब बोलिव्हियन माणसाने. त्याचे नाव मान्वेल इंक्रा ममानी. चार्ल्स लेजर या इंग्रज व्यापाऱ्यासाठी तो जंगलातून साल काढून आणत असे. कोणत्या झाडाची साल सर्वांत गुणकारी, हे त्याला पिढीजात ज्ञानाने ठाऊक होते. लेजरने त्याला उत्तम झाडांचे बी आणायला सांगितले. ममानी वर्षानुवर्षे थांबला, कारण हिम पडून बहर पुन्हा पुन्हा करपून जाई. अखेर १८६५ मध्ये तो बी घेऊन आला. लंडनच्या सरकारने ते नाकारले. डच सरकारने त्यातले थोडे बी अगदी किरकोळ रकमेला घेतले. त्या बियांच्या झाडांच्या सालीत दहा टक्क्यांहूनही अधिक क्विनाईन निघाले. निलगिरीच्या तांबड्या सालीत त्याचा अंशच निघे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जगातल्या क्विनाईनपैकी बहुतांश क्विनाईन जावातल्या सालीपासून होत होते. झाडाच्या जातीला नाव मिळाले लेजरचे. ममानी पुन्हा बी गोळा करायला गेला तेव्हा त्याला पकडून तुरुंगात डांबले, मारहाण केली, आणि १८७१ मध्ये तो त्यातच दगावला.

आणि मग कुंपण पूर्वीपेक्षा उंच झाले. १९१३ मध्ये जावातले मळेवाले आणि क्विनाईनचे कारखानदार यांनी करार केला आणि त्यातून आम्स्टरडॅममध्ये ‘किना ब्यूरो’ नावाची संस्था उभी राहिली. किती साल घ्यायची आणि काय भाव ठेवायचा हे ती ठरवू लागली. हिवतापाने माणसे मरतात ती मुख्यतः गरीब देशांत, आणि औषधाचा भाव ठरतो एका श्रीमंत शहरातल्या मेजावर, असा हा व्यवहार होता. १९४२ मध्ये जपानने जावा घेतले आणि जगाचे क्विनाईन एकदम तुटले. बंगालमध्ये १९४३ च्या दुष्काळात भुकेने खंगलेल्या माणसांवर हिवतापाने झडप घातली तेव्हा पुरेसे क्विनाईन नव्हते. भुकेने किती मेले आणि तापाने किती, याचा हिशेब वेगळा करणे अवघड आहे. पण त्या मृत्यूंत हिवतापाचा वाटा फार मोठा होता, यावर अभ्यासकांचे एकमत आहे. सगळे जग एका बेटाच्या बागांवर अवलंबून ठेवले की काय होते, ते बंगालच्या खेड्यांनी भोगले.

याच १९४३ साली, बंगालपासून अर्ध्या पृथ्वीच्या अंतरावर, आपल्या दुसऱ्या नायकाचा, म्हणजे जिवाणूचा प्रवेश होतो. अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यात रटगर्स येथे शेतकी विद्यालयात सेल्मन वॅक्समन हे मातीतल्या जंतूंचे नामांकित अभ्यासक होते. त्यांच्या हाताखाली अल्बर्ट शॅट्झ नावाचा तेवीस वर्षांचा विद्यार्थी काम करी. शेतकऱ्याचा मुलगा, महिना चाळीस डॉलर विद्यावेतन. क्षयाच्या जिवंत जंतूंशी खेळायचे असल्यामुळे त्याची जागा तळघरात होती. तिथे तो रात्रंदिवस राबत असे. १९ ऑक्टोबर १९४३ रोजी त्याला जो जिवाणू हवा होता तो सापडला. एक वाण भरपूर खत घातलेल्या शेताच्या मातीतून मिळाला होता आणि दुसरा एका कोंबडीच्या घशातून. त्याने त्या जिवाणूची एक परीक्षानळी सीलबंद करून आईला भेट दिली.

१९४४ च्या जानेवारीत शोध प्रसिद्ध झाला. निबंधावर तीन नावे होती : शॅट्झ, एलिझाबेथ ब्युगी आणि वॅक्समन. मेयो क्लिनिकमध्ये फेल्डमन आणि हिन्शॉ यांनी आधी गिनिपिगांवर आणि मग माणसांवर प्रयोग केले. ज्या रोगाला पूर्वी राजयक्ष्मा म्हणत आणि ज्याचे नाव काढले की घरात कुजबूज सुरू होई, त्या रोगावर पहिल्यांदाच खरे औषध हाती आले.

यानंतरचा भाग आम्हा कामगार-चळवळीतल्या माणसांना ओळखीचा वाटेल. शॅट्झ आणि वॅक्समन दोघांनीही पेटंटाचे हक्क विद्यापीठाच्या संस्थेच्या नावे करून दिले. पण उत्पन्नातला काही भाग वॅक्समनना मिळतो आहे हे शॅट्झला नंतर कळले. वृत्तपत्रांत शोधाचे श्रेय एकट्या गुरूला मिळत होते. १९५० च्या मार्चमध्ये विद्यार्थी कोर्टात गेला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तडजोड झाली. शॅट्झला सहशोधक म्हणून मान्यता आणि उत्पन्नात वाटा मिळाला. प्रयोगशाळेतल्या इतर सहायकांनाही काही वाटा ठरला. तरी १९५२ चे नोबेल पारितोषिक एकट्या वॅक्समनना मिळाले. रटगर्सने शॅट्झला पदक देऊन गौरवले ते १९९४ मध्ये, शोधानंतर अर्ध्या शतकाने.

वॅक्समनवरही अन्याय होता कामा नये. मातीतल्या जंतूंचा अभ्यास त्यांनी आधीची पंचवीस-तीस वर्षे केला होता, आणि त्या पद्धतीवाचून शॅट्झचे तळघर रिकामेच राहिले असते. शिवाय त्यांनी आणखी एक मोठे काम केले. स्ट्रेप्टोमायसिनचे हक्क कराराने मर्क या एका कंपनीकडे जात होते. हे औषध एकाच कंपनीच्या हातात राहू नये असा आग्रह वॅक्समननी धरला, आणि १९४६ मध्ये कंपनीने हक्क परत केले. मग अनेक कारखान्यांना परवाने मिळाले, उत्पादन वाढले आणि भाव उतरले. कागदाचे कुंपण होते तसेच राहिले, पण त्याला अनेक दारे पाडली गेली. किना ब्यूरोच्या इतिहासाशेजारी ही गोष्ट ठेवून पाहा. झाड चांगले आणि जिवाणू वाईट, किंवा याच्या उलट, असा प्रश्नच नाही. औषध कोणाला मिळणार हे निसर्गाने ठरवले नाही. दोन्ही वेळा ते माणसांनी बसून ठरवले. आणि म्हणून ते निराळेही ठरवता आले.

सुरुवातीच्या काळात मात्र स्ट्रेप्टोमायसिन सोन्यासारखे दुर्मीळ होते. युद्धाने खंक झालेल्या इंग्लंडजवळ ते विकत घ्यायला डॉलर नव्हते. जॉर्ज ऑर्वेल हा लेखक १९४८ मध्ये स्कॉटलंडच्या इस्पितळात क्षयाने पडला होता. मित्रांच्या ओळखीने त्याच्यासाठी अमेरिकेहून औषध आणावे लागले. त्याला ते सोसले नाही, आणि १९५० च्या जानेवारीत तो वारला. ज्याच्या ओळखी आहेत त्याची ही स्थिती, तर मग गिरणीत साच्यावर उभ्या असलेल्या माणसाने काय करावे?

आपल्या मुंबईच्या गिरण्यांची आठवण येथे टाळता येत नाही. विणकाम खात्यात सूत तुटू नये म्हणून हवा दमट ठेवत. धोट्यात नवी कांडी घातली की सुताचे टोक भोकातून तोंडाने ओढून घ्यायची पद्धत होती. एकच धोटा आज याच्या तोंडाला, उद्या त्याच्या. याच कारणाने विटाळाचे निमित्त करून अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत, आणि १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न चव्हाट्यावर मांडला. म्हणजे स्पर्शाचा विटाळ लोकांना दिसत होता, थुंकीतून जाणारा रोग दिसत नव्हता. संध्याकाळी तोच कामगार चाळीतल्या एका खोलीत पाचसहा जणांबरोबर झोपे. क्षयाला याहून चांगली जागा कुठली मिळणार?

औषधाच्या दुर्मीळपणातून इंग्लंडमध्ये एक चांगली गोष्ट घडली. थोडेच औषध आहे, मग ते कोणाला द्यायचे? ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञाने सुचवले की चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे, वशिला न पाहता, रुग्णांचे दोन गट करावेत. एका गटाला विश्रांती आणि औषध, दुसऱ्याला नेहमीची केवळ विश्रांती. पहिल्या गटात ५५ आणि दुसऱ्यात ५२ रुग्ण होते. सहा महिन्यांनी पहिल्यातले ४ आणि दुसऱ्यातले १४ दगावले होते. १९४८ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि नवे औषध पारखायची ही रीत पुढे जगभर रूढ झाली.

पण याच प्रयोगाचा पुढचा आकडा क्वचितच सांगितला जातो. पाच वर्षांनी पाहिले तेव्हा औषधाच्या गटातले ३२ आणि दुसऱ्या गटातले ३५ जण मरण पावलेले होते. सुरुवातीचा फायदा बराचसा वाहून गेला होता. कारण असे की, स्ट्रेप्टोमायसिन जंतूच्या पोटातले प्रथिने बनवण्याचे यंत्र बंद पाडते. पण कोट्यवधी जंतूंत काही असे निघतात की ज्यांच्या यंत्राची घडण थोडी निराळी असते. ते वाचतात, वाढतात, आणि मग औषध निरुपयोगी होते. दुसरे औषध जोडीला दिले तेव्हा हा धोका पुष्कळ कमी झाला. हे वाचताना मला आमच्या युनियनचा पहिला धडा आठवला : एकटा उभा राहिला की मोडतो, जोडीने उभा राहिला की टिकतो. औषधांनाही तोच नियम लागू पडावा याची मोठी गंमत वाटली.

या नियमाची दुसरी बाजू अधिक कठोर आहे. अर्धवट उपचार हा उपचार नसण्यापेक्षाही घातक ठरू शकतो. ज्याला औषध परवडत नाही तो पहिला महिना घेतो, खोकला थांबला की कामावर जातो, आणि औषधाला दाद न देणारा जंतू घरी, ट्रकमध्ये, कारखान्यात वाटत फिरतो. म्हणून संसर्गाच्या औषधाचा व्यापार साडी-चोळीच्या व्यापारासारखा नाही. शेजाऱ्याला साडी मिळाली नाही तर आपली साडी फाटत नाही; शेजाऱ्याला क्षयाचे पुरे औषध मिळाले नाही, तर आपल्याला मिळालेले औषधही पुढे निकामी होते. गरिबाला पूर्ण औषध देणे हा दयाधर्म आहे असे मानणाऱ्यांनी हा साधा हिशेब करून पाहावा.

आपल्या देशाने हा हिशेब काही प्रमाणात केला, हेही अभिमानाने सांगितले पाहिजे. इंग्रजी अमलातच, १८९२ मध्ये, बंगालमध्ये पोस्टातून एका पैशाला क्विनाईनची पुडी विकण्याची योजना निघाली. टपालवाला औषध विकतो ही कल्पना आज चमत्कारिक वाटेल. पण जिथे डॉक्टर जात नव्हता तिथे टपाल जात होते. स्वातंत्र्यानंतर १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होतो आणि आठ लाख मरतात असा अंदाज होता. फवारणी आणि नवी औषधे यांनी पुढच्या दहाबारा वर्षांत हा आकडा कितीतरी खाली आला.

आणि १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९५५ पासून तिथे पेनिसिलिन निघू लागले आणि साठीच्या दशकात स्ट्रेप्टोमायसिनही. बाहेरून डॉलर मोजून आणायचे औषध आपल्या मावळातल्या, मराठवाड्यातल्या, विदर्भातल्या पोरांनी मोठमोठ्या टाक्यांतून पिकवायला सुरुवात केली. एवढेच नव्हे, १९६१ मध्ये तिथल्या शास्त्रज्ञांनी, डॉ. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, पिंपरीच्याच मातीतल्या एका जिवाणूपासून हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध शोधले. त्या जिवाणूचे शास्त्रीय नाव आहे स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना. सिंकोनाला काउंटेसचे नाव मिळाले होते, उत्तम सालीच्या जातीला व्यापाऱ्याचे. या जिवाणूला एका कामगार-वस्तीच्या गावाचे नाव मिळाले. मला तरी यात न्याय वाटतो.

औषध तयार होणे ही अर्धीच गोष्ट. ते घेत असताना चूल कशी पेटायची, हा दुसरा अर्धा प्रश्न. १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा, १९५२ मध्ये कानपूर-दिल्लीत आणि १९५४ मध्ये मुंबईत त्याची अंमलबजावणी, आणि पुढे क्षयासारख्या लांबणाऱ्या दुखण्यासाठी वाढीव मुदतीचा भत्ता, या गोष्टी स्ट्रेप्टोमायसिनइतक्याच औषधी होत्या. पगार बुडणार नाही अशी खात्री असेल तरच माणूस औषध पुरे करतो. गेली तीसेक वर्षे मी कंत्राटी कामगारांत वावरतो आहे, आणि ही खात्री नसल्यामुळे मधेच औषध सोडून पाळीवर हजर झालेली माणसे मी पाहिली आहेत. त्यांना बेजबाबदार म्हणणे सोपे आहे. एक दिवस गैरहजर राहिला तर उद्या फाटकाच्या आत घेणार नाहीत, हे त्यांना डॉक्टरपेक्षा अधिक नेमके ठाऊक असते.

ही जुनी गोष्ट संपलेली नाही. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयासाठी बेडाक्विलिन हे नवे औषध आले. त्याच्या पेटंटाची मुदत वाढवून मिळावी असा कंपनीचा अर्ज आपल्या पेटंट कार्यालयापुढे होता. त्याला हरकत घेणाऱ्यांत दोन तरुणी होत्या, एक मुंबईची आणि एक दक्षिण आफ्रिकेची. दोघीही क्षयातून वाचलेल्या, आणि क्षयावरच्या इंजेक्शनांमुळे दोघींचीही श्रवणशक्ती गेलेली. ती इंजेक्शने स्ट्रेप्टोमायसिनच्याच कुळातली. मार्च २०२३ मध्ये तो अर्ज फेटाळला गेला. ज्यांच्या कानांनी औषधाची किंमत दिली, त्यांनीच कागदाच्या कुंपणाला हात घातला.

झाडावर आणि जिवाणूवर माणसाचा शोध अजून चालूच आहे. २०१५ चे वैद्यकाचे नोबेल अर्धे गेले चीनच्या तू यूयू यांना, एका वनस्पतीतून हिवतापाचे औषध काढल्याबद्दल. उरलेल्या अर्ध्यात एक मानकरी होते जपानचे सातोशी ओमुरा, आणि त्यांनी औषधाचा उगम शोधला होता तो मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिसमध्येच. वनस्पती आणि माती पुन्हा एका पंगतीला बसल्या.

बंधुभगिनींनो, झाड कडू होते ते कोणासाठी, हे झाडाला ठाऊक नाही. जिवाणू आपले द्रव्य बनवतो तेव्हा तो धनिकाच्या बागेत आहे की चाळीमागच्या उकिरड्यात, हे तोही पाहत नाही. तो भेद माणूस करतो. येत्या मृगात पहिली सर आल्यावर मातीचा वास घ्याल तेव्हा एवढे ध्यानात ठेवा की, तो वास फुकट आहे. आणि त्या वासामागच्या जिवाने दिलेले औषध शेवटच्या घरापर्यंत पोचवायचे की नाही, हे ठरवण्याचे काम त्याने आपल्यावर सोपवले आहे.